विश्लेषण : ऑफिसची मेलपेटी एक, उत्तर देणारे अनेक... परवानगी कोणाला आणि कशी द्यावी?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कारखाना असो, डोंबिवली एमआयडीसीतील पुरवठादार असो, कल्याणमधील सीएचे कार्यालय असो की घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुल. कामाचा ई-मेल पत्ता बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि तो हाताळणारे चार-पाच जण असतात. चौकशी, बिल, तक्रार, नोटीस असे सगळे त्याच पेटीत येते. ती उघडण्याचा पासवर्ड मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो किंवा संगणकाच्या पडद्याखाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. एखाद्या उत्तरावरून वाद झाला की ‘हे कोणी लिहिले?’ याचे उत्तर कोणाकडेच नसते. मेल सेवांमध्ये या अडचणीवर तयार उपाय आहे. पेटी सामायिक ठेवायची, पण वाचण्याची आणि उत्तर देण्याची परवानगी प्रत्येकाला स्वतंत्र द्यायची. ही व्यवस्था नेमकी काय आहे, ती कशी लावायची आणि तिच्याअभावी काय बिघडते, हे समजून घेऊ.

एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरला तर काय बिघडते?

पहिली अडचण ओळखीची. पाच जण एकाच नावाने आत शिरतात तेव्हा मेल सेवेच्या दृष्टीने तो एकच माणूस असतो. कोणी मेल पुसला, कोणी सवलतीचा शब्द दिला, कोणी ग्राहकांची यादी बाहेर पाठवली, हे नोंदींवरून कळत नाही.

दुसरी अडचण ओटीपीची. दुहेरी पडताळणी सुरू केली की कोड एकाच फोनवर येतो. तो फोन असलेले गृहस्थ सकाळच्या गर्दीत डोंबिवलीहून लोकलने निघालेले असतील तर ठाण्याच्या कार्यालयातील काम अडते. मग गैरसोय नको म्हणून दुहेरी पडताळणीच बंद केली जाते आणि पेटी केवळ एका पासवर्डच्या भरवशावर राहते.

तिसरी अडचण नोकरी सोडून जाणाऱ्याची. पासवर्ड बदलायचा तर तो उरलेल्या सगळ्यांना पुन्हा कळवावा लागतो, म्हणून तो बदलला जात नाही. सहा महिन्यांपूर्वी गेलेल्या कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये कंपनीचा मेल तसाच येत राहतो. अनेकदा हीच पेटी बँक, जीएसटी आणि आयकर पोर्टलवर नोंदवलेली असते. त्यामुळे ज्याच्या हाती ही पेटी, त्याच्या हाती त्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेही येऊ शकतात.

वाचण्याची परवानगी आणि उत्तर देण्याची परवानगी वेगळी का असते?

सरकारी कार्यालयाचा व्यवहार आठवला की हे लगेच कळते. बारनिशीत टपाल घेणारा कारकून पत्र उघडतो, आवक क्रमांक टाकतो, संबंधित टेबलावर पाठवतो. पण उत्तरावर सही करण्याचा अधिकार त्याला नसतो. काही पत्रांवर अधिकाऱ्याच्या पदनामाखाली ‘करिता’ असे लिहून दुय्यम अधिकारी सही करतो. वाचणाऱ्याला कळते, की पत्र त्या कार्यालयाचे आहे, पण सही दुसऱ्याची आहे. शिक्का कोणाच्या ताब्यात, हा तिसरा प्रश्न.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील सामायिक मेलपेटीत नेमक्या याच तीन पायऱ्या आहेत. ‘फुल अ‍ॅक्सेस’ म्हणजे कपाटाची किल्ली. मेल उघडता येतो, वाचता येतो, हलवता किंवा पुसता येतो. पण त्या पत्त्यावरून एक ओळही पाठवता येत नाही. ‘सेंड अ‍ॅज’ म्हणजे शिक्का. उत्तर थेट कार्यालयाच्या पत्त्यावरून जाते, पाठवणाऱ्याचे नाव समोरच्याला दिसत नाही. ‘सेंड ऑन बिहाफ’ म्हणजे ‘करिता’ सही. अमुक व्यक्तीने अमुक कार्यालयाच्या वतीने पाठवले, अशी दोन्ही नावे समोरच्याला दिसतात. एकाच व्यक्तीला शेवटच्या दोन्ही परवानग्या दिल्या तर मेल ‘सेंड अ‍ॅज’ म्हणूनच जातो. म्हणजे ‘करिता’ दिसावे अशी अपेक्षा असेल तर शिक्का द्यायचाच नाही.

‘मला मेल दिसतो, पण उत्तर पाठवले की परत येते’ ही या व्यवस्थेतील नेहमीची तक्रार. तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते. किल्ली मिळालेली असते, शिक्का मिळालेला नसतो.

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये हे कसे लावायचे?

कंपनीचे मेल मायक्रोसॉफ्टवर असतील तर हे काम प्रशासक म्हणजे अ‍ॅडमिन खात्यातून होते. अ‍ॅडमिन सेंटरमध्ये ‘टीम्स अँड ग्रुप्स’ या भागात ‘शेअर्ड मेलबॉक्सेस’ असा पर्याय आहे. तेथे नवी पेटी तयार करायची, तिचा पत्ता ठरवायचा आणि मग परवानग्यांच्या पानावर ‘रीड अँड मॅनेज’, ‘सेंड अ‍ॅज’ आणि ‘सेंड ऑन बिहाफ’ या तीन याद्यांत नावे भरायची. सदस्य म्हणून नाव जोडताना वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी एकदम मिळून जाऊ शकते. त्यामुळे नाव जोडल्यावर तिन्ही याद्या उघडून एकदा पाहाव्यात.

खर्चाचा मुद्दा छोट्या कार्यालयांना दिलासा देणारा आहे. सामायिक पेटीसाठी ५० जीबीपर्यंत वेगळा परवाना विकत घ्यावा लागत नाही. ती वापरणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचे परवानाधारक खाते मात्र हवे. पेटीला स्वतःचा पासवर्ड असला तरी त्याने कोणी थेट आत शिरू नये, म्हणून त्या खात्याचे लॉगइन बंदच ठेवावे. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पासवर्डने आणि स्वतःच्या फोनवरील पडताळणीने यायचे. ओटीपीचा घोळ इथेच संपतो. एकाच वेळी वापरणाऱ्यांची संख्या २५ च्या आत ठेवावी, असे मायक्रोसॉफ्ट सुचवते. त्याहून जास्त माणसे असतील तर जोडणी अधूनमधून तुटू शकते.

परवानगी दिल्यावर ती लगेच लागू होईलच असे नाही. तासाभराचा अवधी धरावा. संगणकावरील आउटलुकमध्ये ‘फुल अ‍ॅक्सेस’ मिळालेल्याला पेटी बहुधा आपोआप डावीकडच्या यादीत दिसू लागते. फोनवर ती स्वतः जोडावी लागते. आउटलुक अ‍ॅपमध्ये खाते जोडण्याच्या पर्यायात सामायिक पेटीचा वेगळा पर्याय असतो, तेथे पेटीचा पत्ता टाकायचा. उत्तर पाठवण्याआधी ‘फ्रॉम’च्या ओळीत कार्यालयाचा पत्ता आहे की स्वतःचा, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पाठवलेले उत्तर पेटीत का सापडत नाही?

सामायिक पेटी नव्याने सुरू करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. एका सहकाऱ्याने कार्यालयाच्या पत्त्यावरून उत्तर पाठवले. दुसऱ्याने सामायिक पेटीतील ‘सेंट आयटम्स’ उघडले, तर तेथे काहीच नाही. त्याने पुन्हा उत्तर पाठवले. ग्राहकाकडे दोन उत्तरे गेली आणि दोघांत दर वेगळे निघाले. याचे कारण असे, की मूळ रचनेत पाठवलेल्या मेलची प्रत पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या ‘सेंट आयटम्स’मध्ये जमा होते, सामायिक पेटीत नाही.

उपाय सोपा आहे. अ‍ॅडमिन सेंटरमध्ये त्याच पेटीच्या पानावर ‘सेंट आयटम्स’ची सोय असते. या पेटीच्या नावे पाठवलेल्या आणि तिच्या वतीने पाठवलेल्या, अशा दोन्ही मेलची प्रत सामायिक पेटीत ठेवायची, हे तेथे ठरवता येते. आवक-जावकमधील ‘जावक’ची नोंद पूर्ण होण्यासाठी दोन्ही खुणा सुरू कराव्यात.

कार्यालयाचा पत्ता साध्या जीमेलवर असेल तर?

अनेक छोट्या व्यवसायांचा आणि बहुसंख्य सोसायट्यांचा पत्ता साध्या जीमेलवर असतो. तेथेही पासवर्ड वाटण्याची गरज नाही. जीमेलमध्ये ‘डेलिगेशन’ म्हणजे प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. संगणकाच्या ब्राउझरमध्ये सेटिंग्ज उघडून ‘अकाउंट्स अँड इम्पोर्ट’ या भागात ‘ग्रँट अ‍ॅक्सेस टू युअर अकाउंट’ या ओळीसमोर प्रतिनिधीचा जीमेल पत्ता टाकायचा. त्याला एक मेल जातो. आठवडाभरात त्याने तो स्वीकारला नाही तर निमंत्रण रद्द होते. स्वीकारल्यानंतर परवानगी लागू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. फोनवरील जीमेल अ‍ॅपमधून प्रतिनिधी नेमता येत नाही, त्यामुळे ही जोडणी संगणकावरच करावी.

साध्या जीमेलला १० पर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. प्रतिनिधी मेल वाचू, पाठवू आणि पुसू शकतो. पण पासवर्ड बदलू शकत नाही. उत्तरात फक्त कार्यालयाचा पत्ता दाखवायचा की पाठवणाऱ्याचाही, हे त्याच सेटिंगमध्ये निवडता येते. बाहेरच्या माणसाला जबाबदार व्यक्ती कळावी असे वाटत असेल तर दुसरा पर्याय घ्यावा.

जीमेलच्या या सोयीला एक मर्यादा आहे. येथे ‘फक्त वाचा’ अशी पायरी नाही. प्रतिनिधी नेमला की त्याला उत्तर देण्याचा आणि पुसण्याचाही अधिकार मिळतो. ज्याला केवळ माहिती हवी आहे, त्याला प्रतिनिधी न करता ठरावीक मेल पुढे पाठवणे बरे. कंपनीचे गुगल वर्कस्पेस असेल तर प्रतिनिधीची सोय आधी प्रशासकाने सुरू करावी लागते आणि तेथे प्रतिनिधी त्याच संस्थेतला असावा लागतो.

गुगल ग्रुप्सचा पर्याय कोणासाठी?

रोज बरेच मेल येतात आणि ते माणसांत वाटायचे आहेत, अशा कार्यालयांसाठी गुगल ग्रुप्समधील ‘कोलॅबोरेटिव्ह इनबॉक्स’ उपयोगी पडतो. यात आलेला मेल एका व्यक्तीच्या नावे लावता येतो आणि काम झाल्यावर ‘पूर्ण’ अशी खूण करता येते. कोणता मेल कोणाकडे आणि कोणता अनाथ, हे सगळ्यांना दिसते.

येथे परवानग्या आणखी बारकाईने देता येतात. संवाद कोण पाहू शकतो, ग्रुपवर कोण लिहू शकतो आणि ग्रुपच्या नावाने उत्तर कोण पाठवू शकतो, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. ग्राहक किंवा पुरवठादार बाहेरचे असतात. त्यामुळे ‘कोण लिहू शकतो’ या ठिकाणी संस्थेबाहेरील लोकांना वाव ठेवला नाही तर त्यांचे मेल पोहोचणारच नाहीत. याउलट ‘कोण पाहू शकतो’ तेथे चुकून सगळ्यांना मोकळीक दिली तर कार्यालयाचा पत्रव्यवहार उघड्यावर पडतो. या दोन ओळी नीट वाचूनच पान बंद करावे.

परवानगी असूनही लोक स्वतःच्या पत्त्यावरून उत्तर का देतात?

घाई आणि फोन, ही दोन कारणे. प्रवासात मेल दिसतो, तो स्वतःच्या पत्त्यावर पाठवलेला असतो, तेथूनच उत्तर दिले जाते. त्या क्षणी काम होते; पण समोरच्याचे पुढचे उत्तर त्या व्यक्तीच्या खासगी पेटीत येते आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार कार्यालयाच्या नोंदीबाहेर जातो. ती व्यक्ती रजेवर गेली की ग्राहक वाट पाहत राहतो.

त्यासाठी कार्यालयाने चार साधे नियम ठरवावेत. कार्यालयाच्या पेटीतील मेलला उत्तर त्याच पेटीतून द्यायचे. ज्याने मेल हाती घेतला त्याने त्यावर आपल्या नावाची खूण किंवा रंग लावायचा. ‘सेंड अ‍ॅज’ वापरले तरी मजकुराच्या शेवटी स्वतःचे नाव आणि विभाग लिहायचा. सर्वांना उत्तर देण्याचे बटण दाबण्याआधी पत्ते वाचायचे. यासाठी पैसे लागत नाहीत.

कायद्याच्या नजरेत असे उत्तर कोणाचे?

परवानगीचा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याची दुसरी बाजू कायद्याची आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ११ सांगते, की इलेक्ट्रॉनिक नोंद पाठवणाऱ्याने स्वतः, किंवा त्याच्या वतीने वागण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीने, किंवा त्याने लावून ठेवलेल्या यंत्रणेने आपोआप पाठवली, तर ती त्या मूळ पाठवणाऱ्याचीच मानली जाते. म्हणजे कार्यालयाने ज्याला उत्तर देण्याचा अधिकार दिला, त्याचा शब्द हा कार्यालयाचा शब्द. आपोआप जाणारे उत्तरही त्यातून सुटत नाही.

मेलवरच्या शब्दाला वजन किती? सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता अ‍ॅल्युमिनियम या प्रकरणात म्हटले, की ई-मेलवरून प्रस्ताव आणि स्वीकृती झाली असेल तर औपचारिक करारावर सह्या झाल्या नसल्या तरी करार अस्तित्वात येऊ शकतो. डोंबिवलीतील एखाद्या कारखान्यात नव्याने लागलेल्या मदतनिसाने कंपनीच्या पत्त्यावरून ‘दर मान्य, माल पाठवा’ असे लिहिले, तर ती केवळ त्याची हौस होती असे म्हणून सहज हात झटकता येणार नाहीत.

याच कायद्यातील कलम १३ पोहोचण्याच्या वेळेबद्दल आहे. दोन्ही पक्षांत वेगळे ठरले नसेल आणि मेल घेण्यासाठी एखादी पेटी नेमून दिलेली असेल, तर मेल त्या पेटीत शिरला तेव्हाच तो मिळाला असे धरले जाते. तो कोणी उघडला की नाही, हा मुद्दा मागे पडतो. ‘पाच जण पेटी बघतात, प्रत्येकाला वाटले दुसऱ्याने पाहिले’ हे कारण अशा वेळी कामी येत नाही. म्हणून नोटिसा येणाऱ्या पेटीसाठी एक मुख्य आणि एक पर्यायी व्यक्ती नावानिशी ठरलेली हवी.

प्रकरण न्यायालयात गेले तर मेल पुरावा म्हणून मांडताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. पेटी कोणाच्या ताब्यात होती आणि कोणाला वापरता येत होती, याची नोंद नीट असेल तर ते सोपे जाते.

गृहनिर्माण सोसायट्यांचा याच्याशी काय संबंध?

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही सोसायट्यांची शहरे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक एकच जीमेल वापरतात. सभासदाची गळतीची तक्रार, महापालिकेचे पत्र, विकासकाचा प्रस्ताव आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना यांची ये-जा तेथूनच होते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि आदर्श उपविधींनुसार तिची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यायची असते. सूचना कोणी, कधी पाठवली यावर पुढे वाद झाला तर पेटीतील ‘जावक’ हीच नोंद असते.

खरी कसोटी समिती बदलताना लागते. समितीची मुदत पाच वर्षे. जुने सचिव पदावरून गेले, पण मेल त्यांच्याच फोन क्रमांकाशी जोडलेला राहिला, तर नव्या समितीच्या हाती पेटी येत नाही आणि पाच वर्षांचा पत्रव्यवहार अडकतो. दप्तर दडवले किंवा फिरवले जाईल अशी शक्यता असेल तर ते ताब्यात घेण्याची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ८० मध्ये आहे. पण कपाटातील फायली आणि कुणाच्या फोनवरचा ओटीपी यांत फरक आहे. ती वेळच येऊ नये, यासाठी पेटी सोसायटीच्या मालकीच्या फोन क्रमांकाशी जोडावी. पदाधिकाऱ्यांना प्रतिनिधी नेमावे आणि ही नेमणूक समितीच्या इतिवृत्तात नोंदवावी. समिती बदलली की जुनी नावे काढून नवी जोडायची. पासवर्ड आणि पडताळणीचे पर्यायी कोड बंद पाकिटात दप्तरासोबत द्यायचे.

सभासदांचे पत्ते, फोन क्रमांक, भाडेकरूंची कागदपत्रे याच पेटीत असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती जपण्यासाठी वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. छोट्या संस्थेला एवढ्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण पेटी कोणाकोणाला दिसते, हे सांगता आले पाहिजे.

पेटी चुकीच्या हाती गेली तर काय होऊ शकते?

सर्वांत महाग पडणारी फसवणूक दिसायला साधी असते. भामटा आधी पेटीत शिरतो, काही दिवस नुसते वाचतो आणि बिलाची वेळ आली की त्याच पत्रव्यवहारात उत्तर देतो : ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरा.’ पत्ता खरा, भाषा नेहमीची, आधीचा मजकूर खाली जोडलेला. त्यामुळे संशय येत नाही. यावर उपाय एकच. बँक खाते बदलल्याचा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची; मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नाही.

पेटीत कोणी शिरल्याची शंका आल्यास केवळ पासवर्ड बदलून थांबू नये. सेटिंग्जमधील आपोआप पुढे पाठवण्याचे नियम, प्रतिनिधींची यादी आणि पर्यायी फोन क्रमांक तपासावेत. अनेकदा पासवर्ड बदलल्यानंतरही अशा नियमामुळे प्रत्येक मेलची प्रत बाहेर जातच राहते. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत कल्याण-डोंबिवलीही येते, त्यामुळे पुढील तक्रारीसाठी जवळचे पोलीस ठाणे गाठता येते. कंपन्यांसाठी आणखी एक बंधन आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत द्यायची असते आणि यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ सी प्रमाणे गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘सेंड अ‍ॅज’ने पाठवणारा कायम अनामच राहतो का?

बाहेरच्यांसाठी हो, कार्यालयासाठी नाही. प्रत्येकजण स्वतःच्या खात्यातून येत असेल तर कार्यालयाच्या पत्त्यावरून कोणत्या कर्मचाऱ्याने मेल पाठवला, हे मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ऑडिट नोंदींत प्रशासकाला पाहता येते. सामायिक पासवर्ड आणि सामायिक पेटी यांतला हा सर्वांत मोठा फरक. हे कर्मचाऱ्याच्याही हिताचे आहे. न पाठवलेल्या मेलचा ठपका आपल्यावर आला तर आपण तो पाठवला नाही, हे नोंदीवरून दाखवता येते. एकाच पासवर्डच्या पेटीत प्रामाणिक माणसाकडे असा कोणताही आधार नसतो.

सरकारी कार्यालयांत ही विभागणी कशी केली जाते?

केंद्र सरकारच्या २०१५ च्या ई-मेल धोरणात अधिकाऱ्याच्या नावाचा एक आणि पदनामाचा एक, असे दोन पत्ते ठेवण्याची कल्पना होती. बदली झाली की नावाचा पत्ता अधिकाऱ्यासोबत जातो आणि पदनामाचा पत्ता खुर्चीसोबत राहतो. खासगी कार्यालयांनीही हे उचलण्यासारखे आहे. ग्राहकाला द्यायचा पत्ता ‘खरेदी’, ‘लेखा’, ‘सचिव’ अशा कामाच्या नावाने असावा. माणूस बदलला तरी छापील लेटरहेड आणि ग्राहकाची सवय बदलावी लागत नाही.

मग परवानग्या वाटायच्या कशा?

समजा, सात जणांचे कार्यालय आहे. चौकशीच्या पेटीची किल्ली सातही जणांना देता येईल. शिक्का मात्र विक्री पाहणाऱ्या दोघांना. नवीन माणसाला पहिले काही महिने ‘करिता’ची परवानगी द्यावी, म्हणजे त्याचे नाव समोरच्याला दिसेल आणि त्यालाही जबाबदारीची जाणीव राहील. बिलांची पेटी वेगळी करावी आणि ती लेखा विभागातील दोघांपुरती ठेवावी. बँक, जीएसटी आणि आयकर पोर्टलवर नोंदवलेला पत्ता या दोन्हींपासून स्वतंत्र ठेवून तो मालक किंवा भागीदारांकडेच राहू द्यावा. प्रशासकाचे खाते किमान दोघांकडे असावे. एक आजारी पडला तर दुसरा नाव जोडू किंवा काढू शकेल.

नोकरी सोडणाऱ्याचे नाव शेवटच्या दिवशी, तो कार्यालयात असतानाच यादीतून काढावे. हिशेब, ओळखपत्र आणि किल्ल्या परत घेण्याच्या कागदावर मेलपेटीची एक ओळ वाढवली की हे विसरत नाही. दर तीन महिन्यांनी यादी छापून प्रत्येक नावासमोर ‘याला ही परवानगी अजून लागते का?’ हा प्रश्न विचारावा.

सगळे नीट लागले, हे कसे तपासायचे?

फोनवरून दहा मिनिटांत तपासता येते. घरच्या पत्त्यावरून कार्यालयाच्या पेटीला एक मेल पाठवा. ज्यांना उत्तराची परवानगी दिली आहे, त्यातील एकाला उत्तर द्यायला सांगा. आलेल्या उत्तरावर कोणता पत्ता आणि कोणते नाव दिसते ते पाहा. त्या उत्तराला पुन्हा उत्तर द्या आणि ते कार्यालयाच्या पेटीत पोहोचते की कुणाच्या खासगी पेटीत, हे बघा. मग सामायिक पेटीतील ‘सेंट आयटम्स’ उघडून पहिल्या उत्तराची प्रत तेथे आहे का, याची खात्री करा. शेवटी, ज्याला उत्तराची परवानगी दिलेली नाही अशा सहकाऱ्याला त्याच पत्त्यावरून मेल पाठवून पाहायला सांगा. तो मेल परत आला, तर परवानग्या ठरवल्याप्रमाणे लागल्या आहेत.